सासरे चालत नाहीत

"माणसानं शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे," मी म्हणालो. "कुणावर ओझं होऊन जगण्यात काही अर्थ नाही."

वाक्य चांगलं झालं होतं. समोर बसलेल्या माझ्या व्याह्यांनी, बाजीराव अहिऱ्यांनी, घास तोंडात ठेवूनच मान डोलावली. आत स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या वृषालीचं लाटणंसुद्धा क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. असं वाक्य बोलून झालं की माणसानं लगेच उठून हात धुवायला जायचं असतं, तरच त्याचा परिणाम टिकतो. म्हणून मी उठायला गेलो, आणि लक्षात आलं की कमरेखाली मी नाहीच. अहिरे जमिनीवर मांडी घालून जेवणारे. त्यांचा मान राखायचा म्हणून मीही कित्येक वर्षांनी टेबल सोडून खाली बसलो होतो, आणि दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की ते पाय कुणाचे आहेत हे पुराव्यानिशी सांगता आलं नसतं. शेवटी अहिऱ्यांनी डावा हात माझ्या बगलेत घालून मला उचललं, बेसिनपर्यंत पोहोचवलं आणि नळही त्यांनीच सोडला.

"उभे राहिलात," ते म्हणाले. "आता भिंत सोडू नका."

या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली. तेव्हा मी नाशिकला इंदिरानगरात राहत होतो, अजूनही तिथंच राहतो. नोकरी जकात नाक्यावर झाली. आयुष्यभर ट्रकवाल्यांना "आत काय आहे?" हा एकच प्रश्न विचारला आणि एकाच्याही उत्तरावर विश्वास ठेवला नाही. मी निवृत्त झाल्यावर जकातच बंद झाली. माझ्यावाचून नाका ओस पडला, असं मी काही दिवस लोकांना सांगत असे.

तुषार माझा एकुलता एक मुलगा. तो गेला त्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. रात्रपाळी करून मोटारसायकलवर येत होता. त्याबद्दल इथं इतकंच. बायको त्याच्या आधी गेलेली, त्यामुळे तिला हे बघावं लागलं नाही, असं भेटायला येणारे म्हणत. मला बघावं लागलं, याबद्दल कुणी काही म्हणत नसे. राहिलो मी आणि सून वृषाली. ती अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होती. सकाळी माझ्या गोळ्या डबीत मोजून ठेवायची आणि स्कूटर काढायची.

गोळ्यांचं कारण म्हणजे माझ्या हृदयात बसवलेली स्प्रिंग. ती बसवली तेव्हा तुषार होता, आणि त्यानं माझ्या नावानं काढलेली आरोग्याची पॉलिसी होती, म्हणून ती बसली. तो गेल्यावर पॉलिसीचा हप्ता वृषाली भरू लागली. मला विचारलंही नाही. विजेचं बिल भरावं तसं भरत गेली.

आता या हप्त्याचा कराशी संबंध काय, तर सरकारची एक दयाळू योजना आहे. सरकार म्हणतं, आजारपणाची तरतूद आधीच करून ठेवा, वर्षाचा हप्ता भरा, तेवढ्या पैशावर आम्ही कर घेणार नाही. स्वतःचा भरा, नवऱ्याचा किंवा बायकोचा भरा, मुलांचा भरा, आईवडिलांचा भरा. पगारदार माणसानं हप्त्याची पावती कंपनीत द्यायची, की कंपनी कर कमी कापते. दोन वर्षं वृषालीनं पावत्या दिल्या, दोन वर्षं बिनबोभाट चाललं. तिसऱ्या वर्षी कंपनीच्या हिशेब खात्यात एक नवा साहेब आला, नुकताच परीक्षा पास झालेला. असे लोक सगळं वाचतात. पॅन कार्डावर बाईच्या वडिलांचं नाव असतं, लग्न झालं तरी. वृषालीच्या कार्डावर होतं बाजीराव अहिरे आणि पॉलिसीवर होतो मी. साहेबानं तिला बोलावून अतिशय अदबीनं सांगितलं, "मॅडम, आईवडील चालतात. सासरे चालत नाहीत."

हे तिनं मला जेवताना सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. मग आम्ही दोघं बराच वेळ आमटीकडे बघत बसलो.

पॉलिसीची मुदत त्याच महिनाअखेर संपत होती. पुन्हा हप्ता भरायचा होता, आणि या खेपेला तो आपल्याला काही सवलत मिळवून देणार नाही हे माहीत असून भरायचा होता. न भरावा, तर माझ्या वयाच्या आणि स्प्रिंग बसवलेल्या माणसाला दुसरी कुठलीही कंपनी फक्त खुर्ची आणि पाणी देते, पॉलिसी देत नाही.

त्या नव्या साहेबानं जाता जाता तिला विचारलं होतं की तुमच्या वडिलांची पॉलिसी आहे का. तेवढंच विचारायला तिनं सटाण्याला वडिलांना फोन केला. फोनला खरखर होती. अहिऱ्यांनी ऐकलं ते असं की लेकीला बापाचे कागद लागत आहेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते दारात हजर. एका पिशवीत डाळिंबं. दुसरीत आधार कार्ड, रेशनकार्ड, सातबारा, पाटबंधारे खात्याचं निवृत्तीचं पत्र आणि फेटा बांधून काढलेले स्वतःचे चार फोटो. लेकीला बाप असल्याचा पुरावा पाहिजे म्हणता, मग कमी कशाला पडायचं, असं ते म्हणाले.

त्या दिवशी ते मुंग्यांचं जेवण झाल्यावर वृषाली उशिरानं कामावर गेली आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत आडवे झालो. मी उठलो तेव्हा अहिरे खुर्चीवर ताठ बसलेले होते. झोप नाही लागली का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "याही, मी पस्तीस वर्षं कालव्यावर काढली. धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा शेजारी खाट टाकून झोपलोय. पण तुमच्या शेजारी नाही जमलं." बागलाणात व्याह्याला याही म्हणतात. मी घोरतो असं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं असेल, पण ती सांगायची त्यातलं पुष्कळ मी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना जॉगिंग ट्रॅकवर नेलं. इथं ज्येष्ठ नागरिक एक फेरी मारून चार तास बसतात. आम्ही फेरी वगळून थेट बाकावर बसलो. अहिऱ्यांनी आधी झाडांची चौकशी केली, ट्रॅकला पाणी कुठून घेतात हे विचारलं, पाइप चुकीच्या उतारावर टाकलाय असं मत दिलं. मग काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून म्हणाले, "पोरीला मोकळं करा, याही."

मी पाइपाचा उतार बघू लागलो.

त्यांनी सगळं नीट सांगितलं, न भांडता. कळवणला एक माणूस होता, कृषी खात्यात. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नाही. शांत स्वभाव, व्यसन काही नाही, फक्त सारखा शेवंतीबद्दल बोलतो. वृषालीला त्यांनी तीनदा विचारून पाहिलं होतं. ती नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती, फक्त विषय माझ्यावर आणून ठेवत होती. नानांची तपासणी आहे. नानांची पॉलिसी भरायची आहे. नानांना दुपारची गोळी आठवत नाही.

"मी तुम्हाला वाईट म्हणत नाही," अहिरे म्हणाले. "पण पस्तिशीची पोर आहे. ती तुमच्या डबीत गोळ्या मोजतेय. तुम्ही सांगितलं तर ऐकेल. माझं नाही ऐकणार."

त्यांच्या बोलण्यात खोडून काढण्याजोगं एक अक्षर नव्हतं. मी फार शोधलं. नाक्यावर एखाद्या ट्रकचे कागद असे चोख निघाले की आम्ही मनातून हळहळत असू, आणि तरी फाटक उघडावं लागायचं. मी म्हणालो, उद्या वृषालीबरोबर करवकिलाकडे जायचं ठरलंच आहे, तिथं मी स्वतः सांगतो की ही पॉलिसी बंद करा. पॉलिसी सुटली की बाकीचं सुटत जाईल.

"नक्की?" ते म्हणाले.

"माणसानं स्वतःच्या पायावर—" मी सुरुवात केली, पण ते माझ्या पायांकडे बघत होते. मी वाक्य सोडून दिलं.

दुसरा दिवस शनिवार. कुलथे वकिलांचं ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या वर, पोटमाळ्यावर होतं. वकील म्हणजे काळ्या कोटवाले नव्हेत. गल्लीतले लोक कराचे कागद त्यांच्याकडून भरून घेत आणि त्यांना वकील म्हणत. खालची गिरणी सुरू झाली की वरची टेबलं थरथरत. फायलींवर पिठाचा थर, पंख्यावर पिठाचा थर, खुद्द वकिलांच्या टकलावर आणि भुवयांवर पिठाचा हलका थर. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं काळं काही उरत नाही, असं लोक म्हणत, ते या अर्थानंही खरं होतं.

वृषाली हाफ डे टाकून परस्पर आली. आम्ही दोघं रिक्षानं आलो होतो. कुलथ्यांनी माझ्याकडे बोट करून हे वडील का, असं विचारलं. ती म्हणाली, हे सासरे. मग वडील कोण, म्हटल्यावर अहिऱ्यांनी शाळेत हजेरीला करावा तसा हात वर केला आणि पिशवीतून सातबारा काढायला सुरुवात केली.

कुलथ्यांनी कागद पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग सांगितलं की साहेब म्हणतो ते बरोबर आहे. या सवलतीपुरता कायद्यात सासरा हा माणूस नाही. सुनेला नाही, जावयाला नाही.

"तुमचे मिस्टर असते तर प्रश्नच नव्हता," ते वृषालीला म्हणाले. "त्यांचे ते वडील. त्यांना सूट मिळाली असती."

तेवढं बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी उगाच एक फाइल झटकली. पिठाचा लोट उठला. त्या लोटाचा आम्हां सगळ्यांनाच उपयोग झाला.

मी माझ्या पेन्शनीतून हप्ता भरला तर, असं मी मध्येच विचारून पाहिलं. पेन्शनीत तो पुरा बसत नव्हता, पण विचारायला काय जातं. कुलथे म्हणाले, भरा की, पण तुम्हाला करच बसत नाही, तर तुम्ही सूट घेऊन काय करणार? "टकल्याला कंगव्यावर सवलत," ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले.

मग त्यांनी मार्ग सांगितला. मार्ग सरळ होता. माझी पॉलिसी या महिन्यात भरायची नाही, तेवढ्याच पैशात अहिऱ्यांची काढायची. अहिरे वडील आहेत, याला तर पॅन कार्डच साक्षी आहे. पैसे तेवढेच, सूट पूर्ण, साहेब गप्प. त्यांनी तिथंच अहिऱ्यांची चौकशी केली. साखर? नाही. रक्तदाब? नाही. कधी दवाखान्यात दाखल? अहिऱ्यांनी बराच विचार करून सांगितलं की एकदा दाढ काढली होती, पण दाखल नव्हतो, उभ्या उभ्या काढली. कुलथ्यांनी त्यांच्याकडे बाजारात पहाटेची ताजी मेथी बघावी तसं पाहिलं. मग नजर माझ्याकडे आली आणि तिथं फार थांबली नाही.

अहिऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची वेळ आली होती.

मी उठून उभा राहिलो. टेबलाला धरून, पण राहिलो. वाक्यं मी पहाटेपासून जुळवलेली होती. तोंड उघडलं आणि त्याच क्षणाला खाली गिरणीवाल्यानं बाजरीचं दळण टाकलं. टेबल थरथरू लागलं, टेबलाला धरलेला मीही थरथरू लागलो. थांबावं की बोलावं याचा विचार करण्याइतका धीर माझ्यात नव्हता. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. मी बोललो. वृषाली, ही पॉलिसी बंद कर, मी म्हणालो. माझं व्हायचं ते होईल. तू अण्णांबरोबर सटाण्याला जा, कळवणच्या त्या माणसाला एकदा भेट, शेवंतीबद्दल बोलणारा माणूस वाईट नसतो. तुषार होता तोवर तू माझी सून होतीस. आता तू माझं काही देणं लागत नाहीस. सगळं बोललो, काही गाळलं नाही. नाक्यावर ट्रकच्या इंजिनावरून ओरडायची मला सवय होती. पण तो आवाज वर्षानुवर्षं दुसऱ्यांना थांबवण्यासाठी वापरलेला. जा म्हणायला तो निघेना.

गिरणी थांबली. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणालात?" कुलथ्यांनी विचारलं.

अहिरे काठीवर पुढे झुकले. वृषालीनं मान थोडी वाकडी केली होती.

"पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

वृषालीनं पर्समधून बाटली काढली, झाकण उघडलं, आणि बाटलीबरोबर दुसरा हातही पुढे केला. त्यात दुपारची गोळी होती. "घेतली नव्हतीत ना? सकाळीच एक पर्समध्ये टाकून निघाले मी," ती म्हणाली. मी खाली बसलो आणि गोळी घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग तिनं कुलथ्यांना विचारलं की नानांचीच पॉलिसी ठेवली, तर कर किती जास्त बसेल. त्यांनी आकडा सांगितला. फार मोठा नव्हता, पण तिच्या पगारात दिसण्याइतका होता. शिवाय मागची दोन वर्षं घेतलेली सूट चुकीची ठरते. तीही दुरुस्त करून व्याजासकट भरावी लागेल, असं ते म्हणाले.

"भरते," वृषाली म्हणाली.

कुलथ्यांना वाटलं तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावलं, की हा पैसा हकनाक जातोय, दरवर्षी जाईल, त्याच्या बदल्यात काहीही मिळणार नाही. ती पुन्हा भरते म्हणाली आणि पेन मागितलं.

"पोरी," अहिरे हळू म्हणाले. "कायदासुद्धा सांगतोय. हे तुझे कुणी लागत नाहीत."

ती दुरुस्तीच्या कागदांवर सही करत राहिली. तेवढ्यात कुलथ्यांना वकिली आठवली असावी. त्यांनी विचारलं, मग आधीची दोन वर्षं कंपनीच्या कागदावर यांच्या नावापुढे 'वडील' कुणी लिहिलं? खोटं लिहिलंत म्हणून उद्या कुणी विचारलं तर उत्तर हवं.

"मी नाही लिहिलं," वृषाली म्हणाली. "घोलपकाकांनी लिहिलं."

घोलप हे हिशेब खात्यातले आधीचे गृहस्थ. ती पहिल्या वर्षी पावती द्यायला गेली, तेव्हा त्यांनी न विचारताच नात्याच्या जागी 'वडील' लिहिलं होतं. ती म्हणाली, काका, ते सासरे आहेत. घोलपांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, चेष्टा करू नकोस, मी त्या दिवशी गेटवर होतो. सासऱ्यावर कुणी असं ओरडतं का?

"कसं ओरडली होतीस?" अहिऱ्यांनी विचारलं.

तुषार जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. त्यानंतर ती पहिल्यांदाच कामावर गेली होती आणि चष्मा घरी विसरली होती. मी तो द्यायला निघालो, भर एप्रिलात, बाराच्या उन्हात, तुषारची जुनी सायकल काढून, इंदिरानगर ते अंबड. का, ते विचारू नका, घरात बसवत नव्हतं. कंपनीच्या गेटवर पोहोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चांदण्या होत्या. ती बाहेर आली, मला पाहिलं, आणि वॉचमन, ड्रायव्हर, जेवायला निघालेली अख्खी पाळी यांच्यासमोर तिनं मला असं काही झाडलं की सायकलची घंटासुद्धा हळहळली असेल. अक्कल आहे का, डोक्याला रुमाल नाही, गोळी घेतली का, तुम्हाला काही झालं म्हणजे मी कुणाकडे बघायचं. घोलपांनी पाणी आणलं, मला सावलीत बसवलं आणि आम्हा दोघांना कंपनीच्या गाडीतून घरी पाठवलं, सायकल टपावर बांधून.

वकिलांना तिनं एवढं सांगितलं. त्या दिवशीचं शेवटचं वाक्य सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. ओरडता ओरडता सगळ्यात शेवटी ती म्हणाली होती, "थांबा, संध्याकाळी तुषारला सांगते." आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिलो होतो. ते घोलपांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असतं, तर त्यांना नातं वेगळं लिहावं लागलं असतं.

कुलथे म्हणाले, हे काही उत्तर होऊ शकत नाही, आपण 'अनवधानानं' असं लिहू.

अहिरे बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग ते कुलथ्यांना म्हणाले, माझ्याकडे किंवा लेकीकडे न बघता, जणू तक्रार नोंदवायला आले होते.

"माझ्यावर कधी ओरडली नाही ही. लहान होती तेव्हा नाही. शाळा सोडवून सटाण्याहून नाशिकला टाकली तेव्हा नाही. लग्न ठरवलं तेव्हा नाही. हो अण्णा, बरं अण्णा."

"अण्णा," वृषाली म्हणाली.

"हे बघा," ते कुलथ्यांना म्हणाले. "असंच."

त्यांनी टेबलावरचे आपले कागद एकेक करून उचलले, प्रत्येकावरचं पीठ फुंकलं आणि पिशवीत घातले. फेट्यातले फोटो सगळ्यात शेवटी. आमची पॉलिसी राहू द्या, ते म्हणाले, मला काही होत नाही.

वृषाली दोन कागदांच्या झेरॉक्स काढायला मागे थांबली. तेवढ्यात मी अहिऱ्यांना स्टँडवर आणलं. सटाण्याची गाडी लागलेली होती. त्यांनी रुमाल टाकून खिडकीची जागा धरली, मग खाली उतरून माझ्याजवळ आले.

"वर बोललात का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"बोललो."

"मला ऐकू नाही आलं."

"गिरणी चालू होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं वाटलं असेल तर तसं दिसलं नाही. "वरून हुकूम यायचा," ते म्हणाले, "मी दरवाजा फिरवायचो, पाणी वळायचं. शेतकरी शिव्या द्यायचे, पण वळायचं." गाडीकडे बघत म्हणाले, "उन्हात सायकल काढू नका पुन्हा. ती ओरडली ते बरोबर केलं." मग मला एक डाळिंब दिलं. ते पिशवीत कसं काय राहिलं होतं, कोण जाणे.

वृषाली गाडी सुटता सुटता पोहोचली. तिनं खिडकीतून वडिलांचा हात धरला. ते म्हणाले, येतो. ती म्हणाली, बरं अण्णा. मी एका फलकावरचं वेळापत्रक वाचत होतो. कळवणच्या गाड्या पुष्कळ होत्या.

मग तिनं स्कूटर काढली आणि मी मागे बसलो, एका हातात डाळिंब. मुंबई नाक्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. हा दिवा लांब असतो. मी ठरवलं, आता इथं बोलायचं. गिरणी नाही, वकील नाही, व्याही नाहीत. ट्रक होते, पण ट्रकांचं मला काही नव्हतं. मी म्हणालो, "वृषाली, मला तुला एक सांगायचंय."

तिनं हेल्मेटची काच वर केली आणि अर्धवट मागे वळली. "मलाही सांगायचंय, नाना. बरेच दिवस झाले. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबले होते."

माझ्या छातीत त्या स्प्रिंगच्या आसपास काहीतरी हललं. म्हणजे कळवणचा विचार तिच्या मनात होता तर. होता, आणि केवळ माझ्यासाठी ती थांबली होती. एका बाजूनं मोकळं वाटलं की आता मला बोलावं लागणार नाही. दुसऱ्या बाजूनं काय वाटलं, ते डाळिंबाला माहीत. मी ते फार घट्ट धरलं होतं. मी म्हणालो, बोल. मला वाईट वाटणार नाही. तू म्हणशील ते मला मान्य आहे, अगदी काहीही.

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो. दिवा हिरवा व्हायला आला होता.

"रविवारी दुपारी तरी खोलीचं दार लावून झोपत जा ना. फार घोरता तुम्ही."